डोईएवढा ओटा

श्रीपतराव मास्तरांना इंग्रजी येतं, हे करंजवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तसं ते स्वतःच सांगत. गुलबर्ग्याला मॅट्रिकच्या परीक्षेत दोनदा आपटून ते गावच्या शाळेवर आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन धोतरजोड्या आणि सोलापुरात घेतलेली एक इंग्रजी डिक्शनरी होती. पोरांना शिकवायचं मराठी आणि उर्दू. इंग्रजीची गरज गावात कुणालाच नव्हती. त्यामुळे मास्तरांचं इंग्रजी वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या जरीच्या टोपीसारखं राहिलं होतं, घालायला लग्न तेवढं निघत नव्हतं.

निजामाच्या राज्यातल्या फसली सनाच्या तेराशे त्रेचाळीस साली ते निघालं.

करंजवाडी होती एका जहागीरदाराची. जहागीरदार वारला, मुलगा अज्ञान, म्हणून जहागिरीचा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला आणि त्यावर एक गोरा साहेब नेमला. तो बिदरला बसायचा. तोवर गावाने केलेला प्रत्येक अर्ज उर्दूत जायचा आणि मुन्शीच्या बस्त्यात मुरायचा. आता साहेबाला इंग्रजीत लिहिलं तर कागद थेट त्याच्या हाती पडेल, मधल्या कुणाला तो वाचताच येणार नाही, हे मास्तरांच्या डोक्यात आलं. डोकं चांगलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

अर्ज कुणाचा करायचा, हाही प्रश्न नव्हता. गावात ज्याचे हाल डोळ्यांना रोज दिसत होते असं एकच माणूस होतं, धनगराची राजूबाई. कोणी अंमलदार दौऱ्यावर आला की त्याची वळकटी, भांडी, हुक्क्याची पेटी, तंबूच्या खुंट्या असं पंचवीस शेरांचं ओझं चार कोसांवरच्या कोहिनूर गावापर्यंत पोचवायचं काम तिच्या घराकडे होतं. त्याच्या बदल्यात घराला दीड एकर रान होतं. नवरा ग्यानबा होता तोवर ओझं त्याच्या डोक्यावर. तो तीन वर्षांखाली तापाने गेला, तेव्हा रान राजूबाईकडे आलं आणि रानाबरोबर ओझंही. कागदावर वेठ केव्हाच बंद झाली होती म्हणतात. पण कागद हैदराबादेत आणि शिपाई चावडीत, त्यामुळे दोघांची गाठ पडली नव्हती.

मास्तरांनी अर्ज लिहिला तो मन लावून. उर्दू अर्जात एक मागणं तीन शब्दांत मागायची रीत असते. एकच शब्द घालणं म्हणजे पाहुण्याच्या पानात एकच पुरी वाढण्यासारखं. तीच रीत त्यांनी इंग्रजीत चालवली. डिक्शनरीतून वेचून त्यांनी लिहिलं की साहेबांनी कृपावंत होऊन या गरीब विधवेचं ओझं रिलीव्ह, अ‍ॅलिव्हिएट आणि लायटन करावं. तिन्ही शब्द कानाला भरदार लागले. अर्ज त्यांनी बायकोला, सत्यभामाबाईंना, मोठ्याने वाचून दाखवला. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. संसारात असं करावं लागतं.

साडेतीन महिन्यांनी, संक्रांत होऊन गेल्यावर, अर्ज परत आला. नामंजूर नव्हता, मंजूरही नव्हता. त्या तीन शब्दांखाली साहेबाने निळ्या पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं. मास्तरांनी ते डिक्शनरी उघडून चार वेळा वाचलं. अर्थ असा होता: "हे तीन शब्द एक नाहीत. पहिल्याने ओझं माणसावरून काढून घेतलं जातं. दुसऱ्याने ओझं राहतं, त्याचा त्रास कमी होतो. तिसऱ्याने ओझ्याचं वजन कमी होतं. यातलं बाईला काय हवं आहे? तिला विचारा आणि एकच लिहा."

मास्तरांना आधी राग आला. त्यांनी डिक्शनरीत पहिला शब्द काढला, तर तिथे अर्थ म्हणून दुसरा दिलेला. दुसरा काढला तर तिथे तिसरा, आणि तिसरा काढला तर पुन्हा पहिला. इतकी वर्षं ट्रंकेत सांभाळलेलं पुस्तक त्यांना घाण्याच्या बैलासारखं गोल फिरवत होतं. साहेबाच्या समासातल्या चार ओळींत जे होतं, ते त्या पाचशे पानांत नव्हतं. पण राग ओसरल्यावर छाती फुगली. गोऱ्या साहेबाने आपला अर्ज वाचला होता, शब्द न् शब्द वाचला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते राजूबाईच्या रानात गेले. ज्वारीची काढणी चालली होती. राजूबाई आणि तिचा दीर उमाजी पेंढ्या बांधत होते.

"राजूबाई, साहेबाचा जबाब आलाय," मास्तर म्हणाले. "तो विचारायलाय, तुझं ओझं काढून घ्यायचं, का वजन कमी करायचं, का त्रास तेवढा कमी करायचा?"

राजूबाईने पेंढीचा आळा घट्ट केला आणि कपाळावरचा घाम पुसला.

"तिन्ही येगळं हाय की," ती म्हणाली.

ज्या गोष्टीला मास्तरांना एक रात्र आणि एक डिक्शनरी पुरली नव्हती, ती तिला पेंढी बांधता बांधता कळली. मास्तर बांधावर बसले.

"काढून घेतलं तर ते जाईल कुठं?" तिने विचारलं. "अंमलदार वळकटी घरी ठिवून यायचा न्हाई. दुसऱ्या कुनाच्या डोक्यावर देतील. आन माझं रान जाईल. ओझ्यापायी रान हाय, मास्तर. ओझं काढलं तर रान कशापायी ठिवतील?"

"बरं, वजन कमी करा म्हणून लिहू?"

"पंचवीसाचं पंधरा केलं, तर ऱ्हायलेलं धा शेर बी मलाच न्यायचं हाय. दोन खेपा. चार कोस जायाचं, चार कोस यायचं, परत जायाचं. ते नकोच."

"मग काय हवंय तुला?"

राजूबाईने उत्तर द्यायच्या आधी जमिनीवरची एक मोठी पेंढी उचलायला उमाजीला खूण केली. दोघांनी मिळून ती तिच्या डोक्यावर ठेवली. चुंबळ नीट बसवून ती तशीच मास्तरांसमोर उभी राहिली, मान ताठ, डोळे समोर.

"बगा आता. हे माझ्या डोक्यावर दोगांनी दिलं. मला एकटीला वर घेता येत न्हाई. वाटंनं संग असतोय फकस्त शिपाई, आन तो ओझ्याला हात लावत न्हाई. हात लावला तर तेचा रुबाब जातोय. म्हून मी एकदा निघाले की कोहिनूर येईस्तवर ओझं खाली ठिवत न्हाई. ठिवलं तर परत कोन देनार? चार कोस मान हलवायची न्हाई. पानी प्यायचं म्हनलं तर मान वर करता येत न्हाई. कोहिनूरला पोचले की घटकाभर मला उजवीकडं बगता येत न्हाई. वजनाचं काय न्हाई, मास्तर. लगीन झाल्यापास्नं पेंढ्या, भारे उचलायलेय."

उमाजीने पेंढी उतरवून घेतली. राजूबाईने मान दोन्हीकडे वळवली आणि आपला हात कपाळाला आडवा लावून दाखवला.

"इतका ओटा. माझ्या डोईएवढा. निम्म्या वाटंवर, बाभळीपाशी. उभ्या उभ्या ओझं तेच्यावर सरकवीन, मान मोकळी करीन, पानी पिईन, आन डोकं खाली घालून परत वढून घीन. कुनाचा हात नको. तेवढं साहेबाला लिवा."

"दगडाचा ओटा? तो तर तुम्हीच रचून टाकाल की दोन दिवसांत."

उमाजी हसला. "रचला व्हता मास्तर, गेल्या साली. आठ दिसांत कुनी तरी तेला शेंदूर लावला, नारळ फोडला. गिरदावर अंमलदार म्हनला, सरकारी रस्त्यावर देऊळ उठवायलेत. माझ्याकडूनच पाडून घेतला. सरकारनंच बांदला पायजे, मग कोन पाडंल?"

मास्तर घरी आले ते हिरमुसून. साहेबाने तीन दारं उघडून धरली होती, आणि ही बाई त्यातल्या सगळ्यात लहान दाराने जायचं म्हणत होती. साऱ्या जहागिरीत आजवर कुणाला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं, तर मागायचं काय, ओटा? गुलबर्ग्याच्या वाचनालयात बसणारी त्यांची जुनी मंडळी वेठीविरुद्ध लेख वाचत, भाषणं करत. त्यांना जाऊन काय सांगायचं, की मी वेठ सुखाने चालावी म्हणून ओटा बांधून घेतला?

सत्यभामाबाईंनी ताट वाढताना विचारलं, "काय म्हनली ती?"

"ओटा मागायलीय."

"मग लिहा की ओटा."

"तुला नाही कळायचं त्यातलं," मास्तर म्हणाले. असं वाक्य ते सहसा अडचणीत आले की म्हणत.

त्यांनी कागद घेतला. अ‍ॅलिव्हिएट हा शब्द एकदा लिहिला. ओझं राहतं, त्रास कमी होतो. आपल्याच हाताने, आपल्याच इंग्रजीत, ओझं राहू द्या असं लिहायचं त्यांच्या जिवावर आलं. तो कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. तिसऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं की विधवेचं ओझं रिलीव्ह करावं, पूर्णपणे. ओट्याचा उल्लेख केला नाही, कारण त्याने मागणं किरकोळ दिसलं असतं. रानाचाही केला नाही. ज्या साहेबाला रान आठवत नसेल, त्याला आपण कशाला आठवण करून द्यायची, हा त्यांचा धूर्तपणा. आणि तो साहेब न्यायी आहे, तो एका विधवेची जमीन घेणार नाही, अशी त्यांची मनापासून खात्रीही होती. राजूबाईचं वाईट व्हावं असं त्यांना क्षणभरही वाटलं नव्हतं. तिच्यासाठी तिच्यापेक्षा मोठं काही मागतोय, याचा त्यांना आनंदच होता, आणि त्या आनंदात त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

चैत्रात हुकूम आला. गिरदावराने तो चावडीत उर्दूत वाचला आणि अप्पाराव पटवाऱ्याने लोकांना मराठीत समजावला. राजूबाईच्या घराकडची ओझ्याची चाकरी आजपासून बंद. चाकरीपोटी दिलेलं दीड एकर रान कचेरीत जमा. यापुढे दौऱ्याचं सामान गावाने घरोघर पाळीने पोचवावं. गावात बत्तीस उंबरे, यादी सोबत जोडली आहे.

चावडीत शेवटच्या ओळीतल्या नागव्वाने विचारलं, "घरोघर म्हंजे?" तिचं वय साठीचं, घरात ती एकटी. अप्पारावांनी यादी पाहिली आणि नाव पहिलंच नागव्वाचं असल्याचं सांगितलं. तिने कन्नडमध्ये जे सुनावलं ते गिरदावराला कळलं नाही, हे बरं झालं.

राजूबाई पुढे आली. "अण्णा, ओट्याचं काय लिवलंय?"

अप्पारावांनी कागद उलटून पाहिला. "ओट्याचं काही नाही, बाई."

तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चावडीच्या आढ्याकडे पाहत होते.

हुकुमाबरोबर मास्तरांच्या नावाची एक वेगळी चिठ्ठी होती, साहेबाच्या हातची. "तुम्ही पहिला शब्द मागितलात, तो मी दिला. जमीन ओझ्यासाठी होती, तेव्हा ती परत येणं ओघानेच आलं. बाईने हे समजून निवडलं असेल असं धरतो. मला मात्र वाटलं होतं ती दुसरा मागेल." ही चिठ्ठी मास्तरांनी डिक्शनरीशिवाय वाचली आणि त्यांना ती पहिल्याच वाचनात समजली. रान परत द्यावं म्हणून त्यांनी तीन अर्ज लिहिले, तिन्ही 'चूक' या एकाच शब्दावर अडले आणि त्यांनी ते फाडले. चौथा पाठवला. त्याला कचेरीतून छापील ओळ आली की प्रकरण निकाली निघालेलं आहे.

रान कचेरीने कोहिनूरच्या एका माणसाला लावून दिलं. त्याने पहिल्याच आठवड्यात बांधावरची बोर तोडली. राजूबाई आणि उमाजी दुसऱ्यांच्या रानात रोजाने जाऊ लागली. मास्तर तिला टाळू लागले. ती समोरून येताना दिसली की त्यांना शाळेत काहीतरी विसरल्याचं आठवायचं. गावात बोलणं व्हायचं, पण ते साहेबाला शिव्या देणारं. मास्तरांनी चांगल्या मनाने केलं, गोऱ्याने उलटं केलं, असं लोक म्हणत, आणि मास्तर ते ऐकून घेत. खरं सांगायचं धाडस त्यांच्याने होत नव्हतं, आणि खोटं तर त्यांनी सांगितलंच नव्हतं. लोकच आपणहून सांगत होते. अन्न मात्र गोड लागत नव्हतं.

बत्तीस उंबऱ्यांत राजूबाईचाही एक उंबरा होता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. यादीत तो एकोणिसावा होता. आषाढात एक अंमलदार पेरण्या पाहायला आला, आणि पाळी तिथवर पोचली.

सकाळची वेळ होती. शाळा चावडीच्या शेजारीच. पोरं पाढे म्हणत होती आणि मास्तर दाराशी उभे राहून पाहत होते. राजूबाई चावडीच्या पायरीशी चुंबळ वळत बसली होती. शेजारी वळकटी, भांडी, पेटी बांधून तयार. उमाजी दोरीची गाठ तपासत होता, शिपाई काठी टेकून तंबाखू मळत होता. पंचवीस शेरच असेल, मास्तरांनी अंदाज केला. सगळं पूर्वीसारखंच होतं, फक्त आधी ती घरी परत यायची तेव्हा तिचं स्वतःचं रान असायचं.

मास्तर पायऱ्या उतरून तिच्यासमोर गेले. टाळायला आता काही उरलं नव्हतं.

"या मास्तर," ती म्हणाली. "लई दिसांनी."

"राजूबाई, मला तुझ्याशी बोलायचंय."

"मी बी तुमास्नी इचारनारच व्हते. साहेबानं ओट्याला न्हाई म्हनलं, व्हय? कामून म्हनला असंल? दगूड काय, गावानं बी दिलं असतं. तेला फकस्त हुकूम द्यायचा व्हता."

उत्तर तयार होतं. तीन महिने सारा गाव तेच म्हणत होता. मास्तरांनी फक्त मान हलवायची होती. साहेब बिदरला होता, त्याला मराठी येत नव्हतं, तो नाकारायला येणार नव्हता. उमाजीही गाठ सोडून ऐकू लागला होता.

"साहेबाने नाही म्हटलं नाही," मास्तर म्हणाले. "ओट्याचं मी लिहिलंच नाही."

राजूबाईचे हात थांबले.

"मी ओझं काढून घ्या म्हणून लिहिलं. मला वाटलं, ओटा फार लहान मागणं आहे. तुझं पुरतं सुटावं असं वाटलं मला. रानाचं तू सांगितलं होतंस, तेही लिहिलं नाही. चूक साहेबाची नाही. माझी आहे."

उमाजी काहीतरी बोलायला पुढे झाला. राजूबाईने हाताने त्याला थांबवलं. ती रागावली असती, ओरडली असती, तर मास्तरांना सोपं गेलं असतं; त्याची त्यांनी मनाची तयारी केली होती. ती उठून उभी राहिली, चुंबळ डोक्यावर ठेवली, आणि मास्तरांकडे असं पाहिलं, जणू तिला खरोखरच काहीतरी समजून घ्यायचं आहे.

"तुमी माझ्या रानात आलात," ती म्हणाली. "बांधावर बसलात. मला इचारलं, तुला काय पायजे. आजवर मला तसं कुनी इचारलं नव्हतं, ग्यानबानं बी न्हाई. मी पेंढी डोक्यावर घेऊन दावलं. सगळं सांगितलं."

"हो," मास्तर म्हणाले.

"मग इचारलं कामून?"

शिपायाने काठी आपटली. राजूबाईने उमाजीला खूण केली, ओझं डोक्यावर घेतलं, आणि मान ताठ धरून कोहिनूरच्या वाटेला लागली.